विश्लेषण : मिठाचा स्विमिंग पूल सोलापूरच्या पाण्याला झेपेल का?

‘केमिकलची कटकट नाही, मीठ टाका आणि विसरा’ असे सांगून खाऱ्या पाण्याचा जलतरण तलाव विकला जातो. सोलापूरच्या जड पाण्यात आणि कडक उन्हात हे कितपत खरे? नव्या मालकाने नेमके काय शिकावे? आणि मुळात इथे पूल बांधावा का?

माझ्या चुलतभावाने तुळजापूर रस्त्यालगतच्या शेतात दोन खोल्या बांधल्या आणि पाहुण्यांसाठी शेजारी एक छोटा पूल केला. विकणाऱ्याने सांगितले, ‘‘दादा, हा मिठाचा पूल आहे. क्लोरीन विकत आणायचं नाही, डोळे चुरचुरायचे नाहीत. वर्षातून एकदा मीठ टाकलं की झालं.’’ दिवाळीत पाणी निळेशार होते. एप्रिलमध्ये ते हिरवट झाले. मे महिन्यात यंत्र लाल दिवा दाखवू लागले. उघडून पाहिले तर आतल्या पट्ट्यांवर पांढरा थर चढलेला. गिझरच्या कॉइलवर चढतो, अगदी तसाच.

यंत्र खराब नव्हते, मीठही कमी नव्हते. त्याला पाणी समजावून सांगणारे कोणी भेटले नव्हते. शेतघरे, कृषी पर्यटन केंद्रे, शहराबाहेरचे बंगले अशा ठिकाणी असे पूल बांधणाऱ्या प्रत्येकाने हे आधीच समजून घ्यायला हवे.

मिठाचा पूल म्हणजे नेमके काय?

पहिला गैरसमज असा की यात क्लोरीन नसते. असते, आणि साध्या पूलमध्ये असते तेच असते. फरक इतकाच की ते डब्यातून येत नाही, जागेवर तयार होते.

पाण्यात मीठ विरघळवतात. प्रमाण लिटरला साधारण ३ ते ४ ग्रॅम. समुद्राच्या पाण्यात ते सुमारे ३५ ग्रॅम असते, म्हणजे पूलचे पाणी समुद्राच्या दहाव्या हिश्श्याइतकेच खारट. फिल्टरमधून गाळून आलेले हे पाणी एका नळकांड्यातून जाते. त्याला ‘सेल’ म्हणतात. आत टायटॅनियमच्या पट्ट्या असतात. त्यांतून वीज सोडली की मिठातल्या क्लोराइडपासून क्लोरीन तयार होते आणि पाण्यातच मिसळते. जंतू आणि शेवाळ मारून झाले की त्याचे पुन्हा क्लोराइड होते. म्हणून मीठ ‘खर्च’ होत नाही. ते कमी होते फक्त पाणी बाहेर गेले तर : गळतीतून, फिल्टर धुताना किंवा पावसात पूल भरून वाहिला तर.

थोडक्यात, तुम्ही विकत घेता तो अंगणातला छोटा क्लोरीन कारखाना. कारखाना म्हटला की कच्चा माल, वीज, देखभाल आणि सांडपाणी हे चारही विषय आलेच.

सोलापूरची खरी अडचण मीठ नव्हे, चुना

जिल्ह्यात सरासरी पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ अंशांपर्यंत जातो. बोअरचे पाणी अनेक ठिकाणी जड. हंड्याच्या आत आणि नळाच्या तोटीवर बसणारा पांढरा थर आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत मुभा आहे. पूलसाठी २०० ते ४०० ही सोयीची पातळी मानतात.

आता साधा हिशेब करू. पूल ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद, सरासरी दीड मीटर खोल धरा. पाणी झाले ४८,००० लिटर. उन्हाळ्यात रोज ८ मिलिमीटर पाणी उडते असे धरले तर दिवसाला सुमारे २५६ लिटर आणि महिन्याला साडेसात हजार लिटरहून जास्त. तेवढे पाणी तुम्ही बोअरमधून पुन्हा भरता. बोअरच्या पाण्याचा कठीणपणा ५०० असेल तर या भरणीबरोबर महिन्याला पावणेचार किलोंच्या वर क्षार पूलमध्ये येतात. पूलचा कठीणपणा महिन्याला ८० ने वाढतो. मार्चच्या सुरुवातीला ५०० असलेला आकडा मे अखेरीस साडेसातशेच्या घरात जातो.

पाणी उडते, चुना राहतो. सोलापुरात पूल सांभाळण्याचे निम्मे शास्त्र या चार शब्दांत आहे.

हा चुना आधी सेलच्या पट्ट्यांवरच बसतो, कारण क्लोरीन तयार होताना तिथले पाणी अल्कधर्मी होते आणि चुन्याला बसायला तीच जागा सोयीची असते. थर चढला की क्लोरीन कमी तयार होते. मग शेवाळ येते आणि मालक म्हणतो, ‘मीठ कमी पडलं असेल.’ तो आणखी एक पोते टाकतो. दुखणे एक आणि औषध दुसरेच.

पहिल्या महिन्यात काय करावे?

एक : पूल भरण्याआधी पाण्याची प्रयोगशाळेत तपासणी करून घ्या. कठीणपणा, क्लोराइड, एकूण विरघळलेले क्षार, लोह आणि अल्कधर्मिता हे पाच आकडे हवेत. पूलवर होणाऱ्या सगळ्या खर्चात याइतका स्वस्त आणि उपयोगी खर्च दुसरा नाही.

दोन : आतून सिमेंटचा गिलावा असेल तर लगेच मीठ टाकू नका. नवा गिलावा मुरायला साधारण महिनाभर लागतो. तोवर साध्या क्लोरीनवर पूल चालवा आणि सेल बंद ठेवा.

तीन : मीठ मोजून टाका. वरच्या ४८,००० लिटरच्या पूलला लिटरमागे साडेतीन ग्रॅम धरले तर १६८ किलो लागते. पण तुमच्या बोअरच्या पाण्यातच लिटरला अर्धा ग्रॅम मीठ असेल तर त्यातून २४ किलो वजा करा. आधी तीन चतुर्थांश टाका, पंप चोवीस तास चालवा, मोजा आणि मग उरलेले टाका. कमी असेल तर वाढवता येते. जास्त झाले तर पाणी काढून टाकण्याशिवाय उपाय नाही, आणि इथे पाणी काढून टाकणे कोणाला परवडणार?

चार : मीठ शुद्ध, आयोडीन नसलेले आणि मोकळे राहण्यासाठी काही न मिसळलेले घ्या. स्वस्त खडे मिठात माती, लोह आणि मॅग्नेशियम असते. डाग पडतात आणि जडपणा वाढतो.

पाच : काठाकडे पाहा. आपल्याकडे स्वस्तात मिळते म्हणून सर्रास शहाबादी फरशी लावतात. तो चुनखडक आहे. खारे पाणी त्यात मुरते, सुकताना मिठाचे स्फटिक होतात आणि फरशीचे पापुद्रे सुटतात. काठ ग्रॅनाइटचा करा किंवा फरशीला चांगला सीलर लावा आणि रोज संध्याकाळी साध्या पाण्याचा हात फिरवा. शिडी साध्या स्टीलची नको. ३१६ दर्जाचे स्टेनलेस स्टील मागा.

ऊन क्लोरीन खाते, म्हणजे काय?

सूर्याच्या अतिनील किरणांत क्लोरीन टिकत नाही. उघड्या पूलमध्ये भर दुपारी ते तासा-दोन तासांत बहुतेक संपते. सेल दिवसभर चालूनही किट शून्य दाखवते, ते यामुळे. उपाय म्हणजे स्टॅबिलायझर, अर्थात सायन्युरिक ॲसिड. ते क्लोरीनला उन्हापासून सांभाळते. मिठाच्या पूलमध्ये ५० ते ७० पीपीएम पुरे. आपल्या ४८,००० लिटरला ५० पीपीएमसाठी २.४ किलो लागते. तेही उडून जात नाही, म्हणून दर महिन्याला टाकायचे नाही. प्रमाण फार वाढले तर क्लोरीन असूनही सुस्त पडते.

सेल फक्त पंप चालू असतानाच क्लोरीन तयार करतो हेही लक्षात ठेवा. उन्हाळ्यात आठ तास तरी पंप चालवावा लागतो. एक एचपीचा पंप आठ तासांत सुमारे सहा युनिट घेतो, म्हणजे महिन्याला १८० युनिट. शेतीपंपाच्या जोडणीवर पूलचा पंप चालवणे नियमात बसत नाही, हा खर्च आधीच धरा. सेल आणि पंप यांची वायरिंग अशी हवी की पंप बंद पडला की सेलही बंद. सेलमध्ये क्लोरीनबरोबर हायड्रोजन वायूही तयार होतो. पाणी वाहत नसताना तो साठला तर स्फोटाचा धोका असतो. ‘फ्लो स्विच’ काढून तार थेट जोडणाऱ्या इलेक्ट्रिशियनला तिथेच थांबवा.

रोज, आठवड्याला, महिन्याला

पंपाच्या खोलीत भिंतीवर चिकटवावे असे हे वेळापत्रक :

रोज, पाच मिनिटे : क्लोरीन आणि पीएच तपासा. मोकळे क्लोरीन ३ ते ५ पीपीएम, पीएच ७.२ ते ७.६. जाळीतला पालापाचोळा काढा. आकडे वहीत लिहा.

आठवड्याला : भिंती आणि तळ ब्रशने घासा. अल्कधर्मिता पाहा. जड पाण्यात ती ६० ते ८० वर ठेवलेली बरी. फिल्टरचा दाब नेहमीपेक्षा वाढला असेल तरच फिल्टर धुवा, रविवार आला म्हणून नव्हे.

महिन्याला : मीठ, कठीणपणा आणि स्टॅबिलायझर मोजा. सेल उघडून पाहा. थर पातळ असेल तर पाण्याच्या फवाऱ्याने निघतो. निघाला नाही तरच पातळ ॲसिडमध्ये थोडा वेळ बुडवा. वारंवार ॲसिड वापरले तर पट्ट्यांवरचे मौल्यवान लेपन जाते, आणि सेल हाच या यंत्रातला सर्वांत महागडा भाग आहे.

तपासणीबद्दल एक गोष्ट. गावोगावी जलसुरक्षक ‘ओटी’ चाचणी करतो, पाणी पिवळे झाले की क्लोरीन आहे असे समजतो. पूलला ती पुरत नाही. ती मोकळे आणि घाम-लघवीशी जोडले गेलेले क्लोरीन वेगळे दाखवत नाही. पूलसाठी डीपीडी किट घ्या. पूलला क्लोरीनचा उग्र वास येतो तो बहुतेक वेळा क्लोरीन जास्त झाल्याचा नसतो. तो या जोडल्या गेलेल्या, निकामी क्लोरीनचा असतो. डोळे चुरचुरतात तेही त्यामुळेच.

पाणी हिरवे झाले तर ग्रामपंचायतीसारखी टीसीएल पावडर टाकण्याचा मोह होतो. टाकू नका. त्यात चुना असतो आणि आपली मूळ अडचणच चुना आहे. अशा वेळी द्रवरूप सोडियम हायपोक्लोराइट बरे.

ॲसिड कोण हाताळणार?

मिठाच्या पूलमध्ये पीएच हळूहळू वर चढत राहतो. तो खाली आणायला हायड्रोक्लोरिक ॲसिड लागते. म्हणजे ‘केमिकल नाही’ हा दावा इथेच संपतो.

हे ॲसिड बहुतेक वेळा मालक टाकत नाही. तो शहरात असतो. टाकतो शेतावर राहणारा गडी किंवा वॉचमन, बऱ्याचदा उघड्या हातांनी आणि अंदाजाने. याबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून इथे स्पष्ट लिहितो : हातमोजे, चष्मा आणि अर्ध्या तासाचे शिक्षण देण्याची जबाबदारी मालकाची आहे. ॲसिड नेहमी पाण्यात टाकायचे, ॲसिडमध्ये पाणी कधीही नाही. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर किंवा हायपो एकाच खोलीत, एकाच बादलीत, एकाच मगाने कधीही नाही. एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो. पंपाची खोली लहान आणि बंद असते. तिथे पळायलाही वेळ मिळत नाही.

लहान मुलांचेही तेच. दर उन्हाळ्यात विहिरीत, शेततळ्यात मुले बुडाल्याच्या बातम्या येतात. निळा पूल तर त्यांना लांबूनच खुणावतो. भोवती कुंपण आणि आपोआप बंद होणारे फाटक ही चैन नाही. आधी कुंपण, मग पाणी.

खारे पाणी सोडायचे कुठे?

विकणारा या प्रश्नावर गप्प बसतो, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे.

सँड फिल्टर तीन मिनिटे उलटा धुतला तरी पाच-सहाशे लिटर पाणी बाहेर पडते. त्यात लिटरला तीन-साडेतीन ग्रॅम मीठ. म्हणजे एका धुण्यात सुमारे दोन किलो मीठ जमिनीवर. साध्या पूलचे पाणी क्लोरीन उतरल्यावर झाडांना देता येते, म्हणून लोक तीच सवय इथे चालवतात आणि पाइप बागेत सोडतात.

आपली जमीन काळी, चिकण. मिठातला सोडियम अशा मातीची घडणच मोडतो. पाणी मुरत नाही, वर साचते, सुकली की दगडासारखी होते. शेतकऱ्याला हे सांगायला नको. ‘चोपण जमीन’ हा शब्द त्याचाच आहे. द्राक्षाची वेल मिठाला फार हळवी. डाळिंब थोडे सोसते, पण या पाण्यावर तेही नको. आणि मीठ बांधावर थांबत नाही. ते शेजाऱ्याच्या विहिरीत उतरते.

काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. पाया नीट घेतला नसेल तर पूललाही तडे जातात आणि गळती सुरू होते. साध्या पूलमध्ये गळती म्हणजे पाण्याचा तोटा. मिठाच्या पूलमध्ये रोज जमिनीत उतरणारे मीठ. ओळखायचे कसे? पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवा, आत आणि बाहेर पातळीची खूण करा. चोवीस तासांत बाहेरची पातळी बादलीपेक्षा जास्त उतरली तर गळती आहे.

उपाय अवघड नाहीत. सँड फिल्टरऐवजी कार्ट्रिज फिल्टर घ्या. तो धुवायला फार कमी पाणी लागते. शेततळ्याला घालतात तशा प्लास्टिकचे अस्तर घालून एक उथळ खड्डा करा. धुण्याचे आणि पावसाळ्यात भरून वाहणारे पाणी त्यातच जाऊ द्या. आपल्या उन्हात ते आटते, खाली मीठ राहते, ते गोळा करता येते. खड्ड्यासाठी जागा नसेल तर मिठाचा पूल घेऊ नका. साधा क्लोरीनचा पूल घ्या.

मग पूल बांधावाच का?

सोलापूर शहर शंभर किलोमीटरहून लांब असलेल्या उजनीचे पाणी आणते आणि तरीही नळाला काही दिवसांआड पाणी येते. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेली होती. अशा जिल्ह्यात पूल म्हणजे उधळपट्टी, असे म्हणणारा चुकीचा नाही. जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागात माणशी दिवसाला ५५ लिटर पाणी धरले आहे. आपल्या हिशेबातला उघडा पूल उन्हाळ्यात दिवसाला २५६ लिटर हवेत सोडतो. जवळपास पाच माणसांचे पाणी, एकही जण पोहला नाही तरी.

तरीही सरसकट ‘नको’ म्हणणे मला पटत नाही. कोरडवाहू शेतीला जोड म्हणून कोणी चार खोल्या बांधून पाहुणे बोलावत असेल, गावातली मुले विहिरीऐवजी कमरेएवढ्या पाण्यात पोहायला शिकत असतील तर त्या पाण्याला अर्थ आहे. अट एवढीच की पाण्याचा हिशेब मालकाने स्वतः ठेवावा.

या हिशेबाची एक जमेची बाजूही आहे. १०० चौरस मीटरच्या छतावर वर्षाला ५५० मिलिमीटर पाऊस पडला तर ५५,००० लिटर होतात. पाचवा हिस्सा वाया गेला तरी ४४,००० लिटर, जवळजवळ अख्खा पूल. आणि हे पाणी मऊ, चुना नसलेले. बोअरच्या जड पाण्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आकाशातून पडतो आणि आपण तो ओढ्याला सोडतो. छताचे पाणी टाकीत साठवा आणि उन्हाळ्यातली भरणी शक्य तितकी त्यातूनच करा. जोडीला पूलवर कव्हर घाला. कव्हरने भरणीचे ३० ते ५० टक्के पाणी वाचू शकते. कव्हर असताना सेल कमी वेळ चालवा, कारण ऊन नसले की क्लोरीन साठते. शेडनेट तर आपल्याकडे कुठल्याही कृषी दुकानात मिळते. त्याने शेवाळही कमी होते.

आणि गावाला टँकर सुरू झाला की पूलच्या भरणीचा बोअर बंद. त्या महिन्यात पूल वापरात नसला तरी कव्हर घालून पाणी तसेच राखता येते. बोअर तुमच्या सातबाऱ्यावर असेल, पण खालचे पाणी सगळ्या शिवाराचे आहे.

चुलतभावाने यंदा तेच केले. छताला पन्हाळी लावल्या, काठाची शहाबादी काढली, धुण्याच्या पाण्याला अस्तराचा खड्डा केला. गड्याला हातमोजे आणि वही दिली. तो रोज सकाळी दोन आकडे लिहितो. सेलवर थर अजूनही येतो, पण आता तो लाल दिव्याची वाट न पाहता आधीच दिसतो. पूल घेण्याच्या विचारात असाल तर आगाऊ रक्कम देण्याआधी विकणाऱ्याला तीन प्रश्न विचारा : माझ्या बोअरचा कठीणपणा किती, उन्हाळ्यात रोज किती पाणी भरावे लागेल आणि खारे पाणी जाणार कुठे? तिन्हींची उत्तरे आकड्यांत मिळाली नाहीत तर पैसे खिशातच राहू द्या.